ताशी एक लिटरचा सोलेनॉइड डोसिंग पंप: कुठे चालतो, कुठे फसवतो

पाण्यात क्लोरीन, बॉयलरमध्ये स्केल रोखणारं रसायन किंवा मिश्रणात रंग-अर्क थोडा थोडा सोडायचा असला की बहुतेक जण सोलेनॉइडवर (वीज दिली की दांडा ढकलणाऱ्या चुंबकी गुंडाळीवर) चालणारा डायफ्राम पंप घेतात; त्यात लवचिक पडदा, म्हणजे डायफ्राम, पुढेमागे हलून द्रव ओढतो आणि ढकलतो. इथे पाहतोय तो त्या वर्गातला अगदी नेहमीचा नमुना: जास्तीत जास्त ताशी १ लिटर, मिनिटाला १८० स्ट्रोक (डायफ्रामचे धक्के), पीव्हीडीएफ या प्लास्टिकचं हेड (डायफ्रामपुढचा, द्रव ज्यातून जातो तो भाग), टेफ्लॉनचा थर दिलेला डायफ्राम, सिरॅमिक गोळ्यांचे व्हॉल्व्ह आणि पुढे स्ट्रोकची लांबी बदलायचा नॉब. यंत्र साधं आहे, झिजणारे भाग मोजके आहेत. मात्र माहितीपत्रकातलं ‘± २ टक्के’ वाचून घेतलात तर निराशा होईल. तो आकडा ठरावीक दाबाला, नॉब ३० टक्क्यांच्या वर असताना, एकामागून एक स्ट्रोक किती सारखे पडतात याचा असतो. नॉबवरचा आकडा आणि प्रत्यक्षात पडणारा द्रव यांच्यातली तफावत त्यात धरलेलीच नसते.

आधी एका स्ट्रोकचा हिशोब. तासाला १०,८०० स्ट्रोकमध्ये १,००० मि.ली., म्हणजे स्ट्रोकला ०.०९३ मि.ली. – जेमतेम दोन थेंब. स्ट्रोक संपल्यावर व्हॉल्व्हची गोळी सीटवर (तिच्या बैठकीवर) परत बसेपर्यंत थोडा द्रव मागे सरकतो. तो समजा ०.००५ मि.ली. धरला, तर पूर्ण स्ट्रोकमधले ५ टक्के गेले. नॉब २० टक्क्यांवर आणला की स्ट्रोक ०.०१९ मि.ली.चा उरतो आणि तेच ०.००५ त्याचा चौथा हिस्सा खातं. म्हणून डोस कमी करायचा तर नॉबला हात न लावता आधी स्ट्रोकची गती उतरवावी, आणि नॉब ६० ते ८० टक्क्यांत राहील असाच पंप निवडावा. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून मोठा पंप घ्यायचा आणि तो १५ टक्क्यांवर रखडवायचा, ही या कामातली सगळ्यात महागडी काटकसर. नॉब फिरवायचाच असेल तर पंप चालू असताना, आणि दर वेळी एकाच दिशेने आकड्यावर आणावा. नाहीतर आट्यांमधला ढिलेपणा डोसमध्ये उतरतो.

गती उतरवण्यालाही मर्यादा आहे. पूर्ण स्ट्रोकवर ताशी ५० मि.ली. हवे असतील तर मिनिटाला ९ स्ट्रोक पडतात, म्हणजे ६.७ सेकंदांनी एक पिचकारी. पाइपातलं पाणी सेकंदाला १ मीटर वाहत असेल तर दोन पिचकाऱ्यांमध्ये साडेसहा मीटरहून जास्त पाणी कोरंच जातं. त्यावर स्टॅटिक मिक्सर (पाइपात बसवलेली, न फिरणारी ढवळणारी पाती) सुचवला जातो, पण तो पाइपाच्या आडव्या छेदात ढवळतो. लांबीच्या दिशेतला चढउतार तो पुसत नाही. पुढे साठवण टाकी असेल तर काही बिघडत नाही. थेट बाटल्या भरायच्या असतील तर हा पंप नकोच. स्टेपर मोटरचा (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरचा) डायफ्राम पंप झटकन ओढतो आणि उरलेला वेळ सावकाश ढकलत राहतो. त्या कामाला तोच.

आता खरं दुखणं: हवा. या पंपाने एकदा हवा धरली की तो टकटक करत राहतो, दिवा लुकलुकतो आणि डोस शून्य. कारण हेडच्या आतली मृत जागा, म्हणजे स्ट्रोक पूर्ण झाल्यावरही रिकामी न होणारी जागा. ती १ मि.ली. आहे असं समजा. आत हवाच असेल तर पूर्ण स्ट्रोकने १.०९३ मि.ली. हवा १ मि.ली.मध्ये दाबली जाते आणि दाब वाढतो फक्त ०.१ बारच्या आसपास. रसायन पाइपात सोडणाऱ्या इंजेक्शन व्हॉल्व्हची स्प्रिंग अर्ध्या बारला उघडणारी असेल तर ती जागची हलणारही नाही. ओढण्याचंही तेच: कोरड्या हेडने पूर्ण स्ट्रोकवर कागदावर ८५ सेंटिमीटर पाणी चढतं, ३० टक्क्यांवर पाव मीटरच्या थोडं वर. म्हणून प्राइम करताना (सुरुवातीला हवा काढून हेड द्रवाने भरताना) नॉब १०० वर, गती पूर्ण, आणि हेडवरचा हवा सोडायचा स्क्रू उघडा. तिथून बुडबुड्यांविना धार लागली की मगच बंद करावा. हेडची रचना पाहून पंप निवडणाऱ्याने क्षमतेआधी स्ट्रोक आणि मृत जागेचं गुणोत्तर विचारावं. विक्रेता सहसा ते सांगू शकत नाही, ही गोष्ट वेगळी.

सोडियम हायपोक्लोराइटला हे दुखणं जास्त जाचतं, कारण तो स्वतःच वायू सोडतो आणि उन्हात ठेवलेल्या टाकीत तर अधिकच. डोस कमी म्हणजे द्रव नळीत जास्त वेळ पडून राहणार: ४ मि.मी. आतल्या व्यासाच्या १ मीटर नळीत १२.६ मि.ली. मावतात, ताशी ५० मि.ली.ला ती रिकामी व्हायला पंधरा मिनिटं लागतात. उपाय तीन: ओढायची नळी आखूड आणि सतत चढती, टाकी पंपाच्या वर, आणि आपोआप हवा काढणारं हेड. तिसऱ्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत. हेड मात्र उभंच हवं. गोळ्या वजनाने बसतात, पंप तिरका बसवला की सीटवर नीट टेकत नाहीत.

सोबत येणाऱ्या सामानात ओढायच्या नळीच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह ठीक आहे (टाकीच्या तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर टांगावा, गाळ ओढला की गोळीखाली कण अडकतो). प्रेशर होल्डिंग व्हॉल्व्ह (ठरावीक दाब आल्याशिवाय न उघडणारा) मात्र वेगळा घ्यावा लागतो, आणि तो ऐच्छिक समजू नये. लाइनचा दाब कमी असेल तर प्रत्येक स्ट्रोकला ठरल्यापेक्षा जास्त द्रव जातो; इंजेक्शनची जागा टाकीच्या खाली असेल तर पंप बंद असतानाही सायफनने टाकी रिकामी होऊ शकते. १ ते १.५ बारला उघडणारा व्हॉल्व्ह दोन्ही आटोक्यात आणतो. पुढची नळी मऊ सिलिकॉनची नको, ती प्रत्येक स्ट्रोकला फुगते.

कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्यक्ष डोस मोजून पडताळणं, ओढण्याच्या बाजूने करावं. बाहेर पडणारा द्रव उघड्या भांड्यात मोजला तर लाइनचा दाबच नसतो, आकडा खोटा येतो. टाकीच्या नळीला टी जोडून ०.१ मि.ली. खुणांची १० मि.ली.ची उभी पिपेट लावा, टाकीकडचा कॉक बंद करा आणि नेहमीच्या दाबाला १०० स्ट्रोक मोजा. नॉब ७० वर असेल तर ६.५ मि.ली.च्या आसपास पातळी उतरायला हवी. पाण्याने नव्हे, प्रत्यक्ष वापरायच्या रसायनानेच. दाटपणा बदलला की गोळीची हालचालही बदलते.

रसायन ठरल्यावरच हेड आणि सीट ठरवावी. तीव्र कॉस्टिकला (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाला) पीव्हीडीएफ नको, व्हिटन हे रबरही नको. पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं) हेड आणि ईपीडीएम रबराच्या सीट घ्याव्यात. तेलकट मिश्रणात उलट, ईपीडीएम फुगतं.

देखभाल थोडकी आहे. नव्या पंपाचे हेडचे स्क्रू २४ तासांनी तिरप्या क्रमाने पुन्हा आवळावेत, कारण टेफ्लॉन दाबाखाली सरकतं. डायफ्रामच्या मागे एक बारीक भोक असतं, ते घाण किंवा रंगाने बुजू देऊ नये: तिथून थेंब आला तर डायफ्राम फाटला, पंप लगेच थांबवावा, नाहीतर रसायन सोलेनॉइडपर्यंत पोचतं. पंपाबरोबरच एक डायफ्राम आणि व्हॉल्व्हचा एक पूर्ण संच मागवून ठेवावा.