पाणी कुठे वाहील ते काढायला सुपरकॉम्प्युटर लागेल की एक जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) पुरेल?

पुराचं किंवा पाणलोटाचं मॉडेल करायचंय, आणि सुपरकॉम्प्युटरवर वेळ मागायचा की आहे त्या मशीनवर भागवायचं हे ठरत नसेल, तर आधी हे बघा की तुमच्या प्रश्नात पाणी जमिनीखाली जातंय का. एरिया केवढा हे नंतर, बरेच जण उलटं करतात.

धरणातून पाणी सोडलं किंवा ढगफुटी झाली तर कुठे किती पाणी चढेल एवढंच हवंय? मग हेक-रास टूडी हे पुराचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, विंडोजवर चालतं, नकाशा तिथल्या तिथे दिसतो. पण ते एकाच मशीनच्या प्रोसेसर कोअरवर चालतं त्यामुळे सेल, म्हणजे हिशोबासाठी पाडलेले जमिनीचे तुकडे, वाढले की रखडतं. तेव्हा लिसफ्लड-एफपी हे दुसरं पूर-मॉडेल घ्या, आवृत्ती 8 पासून ते जीपीयूवर चालतं आणि शहराएवढ्या भागाला माझ्या मते एक चांगलं कार्ड पुरतं.

खोरं मोठं असेल तर हिशोब करा. 10,000 चौ. किमी, 10 मीटरचा ग्रिड, म्हणजे 10 कोटी सेल. ग्रिड 5 मीटर केला की सेल चौपट, वर टाइमस्टेपही (हिशोब दर वेळी जेवढा वेळ पुढे सरकतो तो) निम्मा करावा लागतो नाहीतर पाणी एका स्टेपमध्ये अख्खा सेल ओलांडतं आणि गणित कोलमडतं, म्हणजे काम एकूण आठपट. इथे अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेचं ट्रायटन हे पूर-मॉडेल कामाला येतं, ते अनेक जीपीयूंवर काम वाटतं. पण वाटणीतच खरी गोम आहे, एका तुकड्यात नदी आली आणि दुसऱ्यात कोरडा डोंगर, की डोंगरवाला जीपीयू रिकामा बसून नदीवाल्याची वाट बघतो, म्हणून दुप्पट जीपीयू लावले तरी वेळ निम्मा होत नाही. आणि मूळ उंचीचा डेटाच 30 मीटरचा असेल तर 5 मीटरच्या ग्रिडवर तास जाळू नका, बांध आणि मोऱ्या त्यात नाहीतच!

भूजल आलं की मात्र पारफ्लो या मॉडेलशिवाय मला तरी चांगला पर्याय दिसत नाही. ते रिचर्ड्स समीकरण (मातीतून पाणी कसं झिरपतं त्याचं गणित) थ्रीडीत सोडवतं आणि वरचा प्रवाह त्याच गणितात जोडतं. मोठ्या खोऱ्याला सुपरकॉम्प्युटर इथे खरंच लागतो, कारण भूजलपातळी स्थिर व्हायला तेच हवामान वर्षानुवर्षं परत परत चालवावं लागतं, आणि मुख्य रन सुरू व्हायच्या आधीच मिळालेल्या मशीन-वेळेचा बराच कोटा त्यात जातो, तो अर्जात धरा.

डब्ल्यूआरएफ-हायड्रो हे मॉडेल नुसत्या पुराची मॉडेल्स आणि पारफ्लो यांच्या मधलं. अमेरिकेचं नॅशनल वॉटर मॉडेल 2016 पासून त्यावर चालतंय, सुमारे 27 लाख नदीतुकड्यांचा अंदाज देतं. नदीच्या फोरकास्टला उत्तम, पण भूजल त्यात साध्या बादलीसारखं धरलंय, विहिरींची पातळी त्यातून काढायला जाऊ नका.

शंभर वेगवेगळे पाऊस चालवून बघायचे असतील तर साधा क्लस्टरही चालतो, प्रत्येक रन सुटा असतो. अर्ज लिहायच्या आधी एक उपखोरं 1, 2, 4 नोडवर (क्लस्टरमधल्या एकेका मशीनवर) पळवून वेळ मोजा, ते आकडे तसेही मागतातच.