संशोधकानं कोणती भूमिका घ्यावी: मूल्यनिरपेक्ष की मूल्यांची जाण ठेवणारी?

परभणीच्या कृषी विद्यापीठात, नांदेडला किंवा संभाजीनगरला संशोधनाला बसलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न गाठतोच. जे आहे तेवढंच सांगून मोकळं व्हायचं, की आपल्या सांगण्याचा भार कोणावर पडणार हेही पाहायचं? दोन्हीकडे तोलामोलाचे विचारवंत आहेत, म्हणून या भूमिका आपल्याकडच्या प्रश्नांवर घासून पाहाव्यात.

मूल्यनिरपेक्षतेची बाजू आधी. संशोधकाची इच्छा, पक्ष, धर्म यांचा निष्कर्षाशी संबंध नसावा, असं ती मानते. या आग्रहामागे रक्ताची किंमत आहे. सोव्हिएत राजवटीनं आपल्या विचारसरणीला सोयीचं म्हणून आनुवंशिकशास्त्र नाकारणाऱ्या लायसेंकोचं शेतीशास्त्र उचलून धरलं आणि त्याला विरोध करणारा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव १९४३ साली तुरुंगात मेला. सत्य सत्तेच्या दावणीला बांधलं की काय होतं, ते इथं दिसतं.

दुसरी बाजू तत्त्वज्ञ रिचर्ड रडनर यांनी १९५३ साली मांडली. कोणताही सिद्धान्त शंभर टक्के सिद्ध होत नाही. मग ‘एवढा पुरावा पुरे’ असं कधी म्हणायचं? चूक झाली तर ती किती महागात पडेल, यावर ते ठरतं. आणि महाग-स्वस्त ठरवणं हा मूल्यांचा निवाडा आहे.

हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला दर जूनमध्ये येतो. पन्नासवर का नाही? कारण पावसानं मध्येच ताण दिला तर दुबार पेरणी, म्हणजे बियाणं-खताचा खर्च पुन्हा, तोही बहुधा उसनवारीचा. मग दीडशे का नाही? तोवर मूग-उडदाची वेळ निघून जाते. या आकड्यात जमिनीतल्या ओलीचं शास्त्र आहे, तसं कोणती चूक जास्त जिव्हारी लागते याचं मोजमापही आहे.

दुसरे तत्त्वज्ञ रिचर्ड जेफ्री यांनी १९५६ साली यावर तोड सुचवली: शास्त्रज्ञानं फक्त शक्यता सांगावी, निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा. कागदावर हे चोख आहे. पण २०१७ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले शेतकरी हवामान खात्याविरुद्ध तक्रार घेऊन पोलिसांत गेले, कारण अंदाजावर विसंबून त्यांनी पेरलं होतं. ‘साठ टक्के शक्यता’ एवढंच सांगून जबाबदारी संपत नाही. शिवाय रडनर यांनी आधीच बजावलं होतं, की शक्यतेचा आकडा मान्य करणं हासुद्धा एक निर्णयच असतो.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरण याहून जड आहे. १९९२ मध्ये तिथं धक्के बसत होते आणि तो भाग तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपाची वेळ आजही कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे तसा दोष कुणाला देणं अन्यायाचं होईल. पण दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार जीवघेणा ठरतो, हे सांगायला वेळेचं भाकीत लागत नाही. इटलीतल्या लाक्विला इथं २००९ च्या भूकंपाआधी लोकांना दिलासा दिला गेला. त्यावरून २०१२ साली सहा शास्त्रज्ञांना शिक्षा झाली, २०१४ च्या अपिलात ते सुटले. खटला चुकीचा होता असं मला वाटतं. तरी ‘धोका नाही’ आणि ‘धोक्याचा पुरावा नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत.

मूल्यं आत घेतली की लायसेंकोला दार उघडतं का? विज्ञानाच्या तत्त्वज्ञ हेदर डग्लस यांचं उत्तर मला पटतं: किती पुरावा पुरे हे मूल्यांनी ठरवावं, पुराव्याची जागा मात्र त्यांनी घेऊ नये. त्याच क्षेत्रातल्या हेलन लाँजिनो पुढे जाऊन म्हणतात, वस्तुनिष्ठता एकट्या संशोधकाच्या डोक्यात नसते, मोकळ्या टीकेतून ती घडते. म्हणजे कापूस वेचणाऱ्या बाईची हरकतही ऐकून तपासावी लागेल. ‘सगळंच सापेक्ष’ या तिसऱ्या भूमिकेवर वेळ घालवू नका. तिच्याकडे भानामतीलाही उत्तर नसतं.

तुमचं काम स्फटिकांची रचना किंवा ताऱ्यांचा वर्णपट मोजण्याचं असेल, तर पहिली भूमिका बहुतेक वेळा पुरते. बियाणं, औषध, धरण, पाऊस यांवर काम असेल तर दुसरी घ्या, आणि प्रबंधात दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: पुरावा काय सांगतो, आणि कोणती चूक टाळण्यासाठी तुम्ही मर्यादा तिथं आखली.