एक तास नुसतं तरंगायचं: फ्लोट टँकचा रिव्ह्यू

मी स्वतःहून गेलेच नसते. बहिणीनं वाढदिवसाला व्हाउचर दिलं होतं, ते आठ महिने ड्रॉवरमध्ये पडून होतं आणि एक्स्पायर व्हायला चार दिवस उरले तेव्हा दोन मीटिंगच्या मधे घुसवून बुक केलं. म्हणजे थांबायलासुद्धा मी डेडलाइनवरच गेले, यावरून माझं काय चाललंय ते समजून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोठ्या बाथटबला झाकण बसवलंय असं समजा. पाणी जेमतेम २५-३० सेंटीमीटर, पण त्यात ४००-५०० किलो एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट विरघळवलेलं असतं, त्यामुळे ते साध्या पाण्याच्या साधारण सव्वापट जड होतं आणि पोहता येत नसलं तरी अंग आपोआप वर राहतं. तापमान ३४-३५ अंश, कातडीइतकंच, म्हणून थोड्या वेळानं हात कुठे संपला आणि पाणी कुठे सुरू झालं ते कळेनासं होतं. कानात प्लग, दिवा बंद, झाकण लावायचं की नाही ते तुमच्यावर. (मी अर्धं उघडं ठेवून सुरुवात केली, लाजायचं काय त्यात.)

ही आयडिया जुनी आहे. जॉन लिली नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५४ मध्ये पहिला टँक केला, त्याला बघायचं होतं की बाहेरून काहीच आलं नाही तर मेंदू आपला आपण झोपी जातो का. तेव्हा डोक्यावर मास्क चढवून अख्खं पाण्याखाली राहावं लागायचं, आपलं नशीब चांगलं. उत्तर आलं की नाही झोपत, आणि ते मीही सांगू शकते, कारण माझ्या मेंदूनं आत गेल्या गेल्या तीन ईमेल लिहून काढले, एका जुन्या भांडणात मी काय बोलायला हवं होतं ते ठरवलं आणि गॅस बंद केला का हेही दोनदा विचारून झालं.

त्यातच नाक खाजलं. ओल्या हातानं खाजवलं आणि एक थेंब डोळ्यात. बाप रे! खारट पाणी डोळ्यात म्हणजे काय ते शब्दांत सांगता येत नाही, अंधारात मी टॉवेल चाचपडत बसले. साध्या पाण्याची स्प्रे बाटली डोक्यापाशी अडकवलेली असते हे मला बाहेर आल्यावर कळलं. हे आधी सांगायला काय जातं यांचं? अंगावर खरचटलेलं असेल तर व्हॅसलिन लावून जा, आदल्या दिवशी वॅक्स-शेव्हिंग काही करू नका, माझ्या पायाला एवढंसं कापलं होतं तेही चांगलं चुरचुरलं.

पण खरी गंमत मानेची. बराच वेळ मान दुखत होती, मला वाटलं यांचाच काहीतरी लोच्या आहे, आणि मग लक्षात आलं की पाणी डोकं उचलून धरतंय आणि तरीही मी ते वेगळं धरून बसलेय. सोडू म्हटलं तरी सुटेना. एकदा सोडलं, नाकात पाणी जाईल या भीतीनं परत ताठ. पाच-सहा वेळा असं झाल्यावर कधीतरी सुटली, तशी खांद्यांपासून खाली सगळं एकामागून एक ढिलं होत गेलं, जबडासुद्धा, तो आवळलेला होता हे तर मला माहीतच नव्हतं. मग फक्त छातीतली धडधड ऐकू येत होती. त्यानंतरचं काही सांगता येणार नाही कारण काही झालंच नाही, झोप नव्हती एवढं नक्की. हळू म्युझिक सुरू झालं तेव्हा वाटलं काहीतरी बिघडलंय, तास कसा काय झाला.

आता तक्रारी. वरच्या मजल्यावर कोणीतरी चालत होतं, इअरप्लगमधूनही धपधप येत होती. भिंतीवर पोस्टर की मॅग्नेशियम कातडीतून शिरून शरीर डिटॉक्स होतं, याला ठोस पुरावा नाही, उगाच कशाला लिहायचं? २०१८ मध्ये प्लॉस वन या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला होता, ५० चिंताग्रस्त लोकांना एक तास तरंगवलं आणि लगेच नंतर त्यांची घालमेल कमी झाली होती, ते लावा की. अर्थात तो लगेचचाच परिणाम होता, महिनाभर टिकतो असं कोणी म्हटलेलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे केस पुसत बाहेर आले तर रिसेप्शनवर मेंबरशिपची तीन पॅकेजं समोर. अहो, आत्ता तर शांत झाले होते!

पाचपैकी साडेतीन. परत जाईन, पण मागेपुढे आंघोळ धरून दोन तास मोकळे ठेवून. मी पुढची मीटिंग २५ मिनिटांवर ठेवली होती, ओल्या केसांनीच कॅमेरा लावला. कोणीतरी काहीतरी विचारलं आणि उत्तर द्यायच्या आधी मी दोन-तीन सेकंद नुसती थांबले तर पलीकडून लगेच, हॅलो, आवाज येतोय का, तुमचं नेट गेलं वाटतं.