सँटोरिनीत ई-सायकल भाड्याने घेताना: २८५ युरोंच्या बिलाची चिरफाड

एका सायकलचं भाडं ४५ युरो. संध्याकाळी परत देताना कार्डावरून वर गेले २८५ युरो. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरून द्राक्षमळे आणि वाइनची गावं हिंडायला घेतलेल्या दोन ई-सायकलींची ही 'नुकसानभरपाई'. दुकानाचं नाव देत नाही. पुढच्या सीझनला पाटी बदललेली असेल, करारनाम्याची भाषा मात्र तीच राहील. म्हणून बिलच ओळीओळीने उघडून दाखवतो. त्यात चार बाबी होत्या: मागच्या गिअरचा हँगर वाकला, ९० युरो; ब्रेक पॅड झिजले, ७०; कच्च्या रस्त्यावर सायकल नेली, १००; परत द्यायला उशीर झाला, २५. या चारही बाबींची तजवीज सकाळीच झाली होती, सही घेताना आणि नकाशा हातात ठेवताना.

आधी हँगर. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्या लहानशा ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो हा. तो मुद्दाम मऊ बनवतात. सायकल उजव्या अंगावर पडली तर त्याने वाकावं आणि फ्रेम वाचावी, म्हणून. भाड्याच्या सायकलींचे हँगर त्यामुळे वाकतच असतात. भिंतीला टेकवलेली सायकल घसरली, स्टँडवरून कलंडली, टेम्पोत एकीवर एक रचली, की झालं. युरोपात हा तुकडा साधारण १५ ते ३० युरोंना मिळतो, एकदोन बोल्ट काढून काही मिनिटांत बदलतो, आणि कितीदा तर बदलावाही लागत नाही, मापाच्या दांड्याने सरळ करता येतो. दुकानदाराला मात्र तो सरळ करण्यात रस नसतो. एकच वाकडा हँगर आज एका गिऱ्हाइकाच्या माथी आणि परवा दुसऱ्याच्या माथी मारता येतो.

ओळखायचा असा. सायकलच्या बरोबर मागे उकिडवं बसा. डिरेलरची दोन छोटी दातेरी चाकं आणि त्यांच्या वरची गिअरची चकती एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. खालचं चाक आत, आऱ्यांकडे झुकलेलं दिसलं तर हँगर वाकलेला आहे. मग एकाने मागचं चाक उचलून धरायचं (ई-सायकल पंचवीस किलोच्या आसपास भरते, एकट्याने जमत नाही) आणि दुसऱ्याने पेडल हाताने फिरवत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे गिअर टाकायचे. चेन दोन चकत्यांमध्ये कडकडत राहिली, किंवा सगळ्यांत मोठ्या चकतीवर डिरेलर आऱ्यांना टेकायला आला, तर ती सायकल तिथेच सोडा. 'किरकोळ आहे, चालेल' यावर जाऊ नका. चढावर हलका गिअर टाकताना डिरेलर आऱ्यांत गेला की डिरेलर, चेन आणि चाक तिन्ही एकदम जातात, आणि मग बिल ९० युरोंवर थांबत नाही.

ब्रेक पॅडचं प्रकरण त्याहून सोपं. पॅड झिजण्यासाठीच असतात आणि साधी झीज मालकाच्या खात्यात पडायला हवी. पण करारात 'ब्रेकचे भाग' नुकसानीच्या यादीत घातलेले असतात, आणि उंचावरच्या पिर्गोस गावाहून किनाऱ्यावरच्या कामारीला उतरणारा रस्ता तीनशे मीटरांहून जास्त उंची एका दमात उतरवतो. सकाळीच संपत आलेले पॅड त्या उतारावर उरलेसुरले संपतात. मोबाइलचा टॉर्च कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड बसवलेल्या ब्रेकच्या चिमट्यात, मारून बघा: धातूच्या पट्टीवरचा घासणारा थर मिलिमीटरभर तरी हवा. लिव्हर दाबल्यावर ती मुठीला टेकत असेल तर पॅड तरी संपलेत नाहीतर ब्रेकच्या तेलात हवा शिरली आहे. दोन्ही परिस्थितीत सायकल बदलून मागायची. पॅडची जोडी साधारण १० ते २० युरोंची असते, त्यामुळे दोन चाकांचे ७० लावण्यात मजुरीपेक्षा हावच जास्त.

आता १०० युरोंची ओळ, जिच्यात खरी मेख आहे. करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की डांबरी रस्ता सोडल्यास विमा रद्द आणि दंड लागू. त्याच टेबलावरून दुकानाचाच छापील नकाशा हातात मिळतो, आणि त्यात 'द्राक्षमळ्यांचा मार्ग' म्हणून एक्सो गोनिया ते मेगालोहोरी या गावांच्या बाजूचे कच्चे गाडीरस्ते रंगवलेले असतात. त्या रस्त्यांवर गेलं की टायरच्या खाचांत आणि चेनमध्ये फिकट राखाडी चुरा बसतो. ज्वालामुखीच्या राखेची आणि प्युमिस या सच्छिद्र दगडाची ही माती, तिकडे तिला 'आस्पा' म्हणतात. संध्याकाळी दुकानदार चेनवरून बोट फिरवतो आणि ते बोट तुम्हाला दाखवतो. पुरावा झाला.

सही करण्याआधी तोच नकाशा पुढे करायचा, कच्च्या रस्त्यांवर बोट ठेवायचं आणि 'या मार्गाला परवानगी आहे' हे करारावर पेनाने लिहून दुकानदाराची सही घ्यायची. लिहून द्यायला कां-कूं केली तर उत्तर मिळालंच. मग डांबरी रस्त्यानेच जावं. पिर्गोस, मेगालोहोरी, एम्पोरिओ ही तिन्ही गावं डांबरी रस्त्यावर आहेत आणि बहुतेक वाइनरीही.

कच्च्या वाटेवर गेलातच तर मळ्यात सायकल घालू नका. सँटोरिनीची वेल आपल्या नाशिकसारखी मांडवावर किंवा तारांवर चढवलेली नसते. वाऱ्यापासून वाचवण्यासाठी ती जमिनीलगत गोल गुंडाळत नेतात, तिची टोपली बनते. त्या पद्धतीला 'कुलूरा' म्हणतात. द्राक्षं टोपलीच्या आत, पानांच्या आडोशाला वाढतात. खांब नाहीत, तारा नाहीत, बऱ्याच ठिकाणी कुंपणही नाही. पानं नसताना तर मळा ओसाड माळच वाटतो. फोटोसाठी लोक सायकल तिथे आडवी टाकतात, तीही नेमकी उजव्या अंगावर, आणि वाळक्या लाकडी फांदीत डिरेलर अडकतो. इथल्या वाळूसारख्या मातीत फिलॉक्सेरा ही वेलीची मुळं पोखरणारी कीड तग धरत नाही, म्हणून कित्येक वेली कलम न करता स्वतःच्याच मुळांवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. अशी टोपली मोडली तर शेतकरी ओरडतो ते रास्तच आहे.

उशिराचे २५ युरो भूगोलातून काढले जातात. नकाशावर कामारी आणि पेरिसा हे दोन किनारे शेजारीशेजारी दिसतात. दुकानात सांगतात, 'कामारीहून वर पिर्गोस, तिथून मेगालोहोरी, एम्पोरिओ, खाली पेरिसा, मग किनाऱ्याने परत.' किनाऱ्याने रस्ताच नाही. मध्ये मेसा वुनोचा डोंगर थेट समुद्रात उतरलेला आहे. त्याच्यावर प्राचीन थिरा या शहराचे अवशेष आहेत आणि पलीकडे जायला पायवाट. सायकलला वाट नाही. म्हणजे पेरिसाहून पुन्हा चढून गोनियाच्या बाजूने कामारीला यायचं. नकाशावरचा 'सोपा गोल' जाऊनयेऊन तीसएक किलोमीटरचा होतो, त्यात चढ दोनदा. जुलै-ऑगस्टात वर मेल्तेमी हा उत्तरेचा वारा समोरून येतो, आणि परतीचा प्रवास उत्तरेकडेच असतो.

बॅटरीची मेखही इथेच. जुनी बॅटरी पडद्यावर १०० टक्के दाखवते, पण पहिल्या चढाला धडाधड खाली येते. दुकानाजवळच्या चढावर जास्तीत जास्त मदतीच्या मोडमध्ये पाचसात मिनिटं चालवून बघा. तेवढ्यातच आकडा झपाट्याने उतरला तर ती दुसऱ्यांदा पिर्गोस चढवेलच असं नाही. चार्जर सोबत मागा आणि दुपारच्या थांब्यावर तास-दीड तास लावा. परतीची वेळ तोंडी नको. करारावर आकड्यात लिहून घ्या, आणि उशिराचा दर तासाला किती तेही.

या वेळापत्रकात वाइन बसवायची असेल तर हिशोब साधा आहे. एका वाइनरीत सहा वाइन, प्रत्येकी ४० मिली धरल्या तर २४० मिली, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. असिर्तिको ही इथली पांढरी वाइन काही हलकी नाही, १३.५ ते १४.५ टक्के अल्कोहोल सहज असतं. दोन वाइनरी झाल्या तर एका दिवसाला पुष्कळ, आणि वाइन चाखून थुंकायचं भांडं तिथे शोभेला ठेवलेलं नसतं. प्रवास विम्यात दारू पिऊन झालेला अपघात बहुधा वगळलेला असतो. दुकानाचा 'फुल इन्शुरन्स' घेतला असेल तर तो सायकलच्या नुकसानीचा आहे, चोरीचा आहे की फक्त तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचा, हे विचारा. 'फुल' या शब्दाला तिथे काही अर्थ नाही. आणि पेडल न मारता नुसत्या मुठीवर पळणारी जाड टायरची गाडी 'ई-सायकल' म्हणून देत असतील तर घेऊ नका. युरोपीय संघाच्या नियमात ई-सायकल म्हणजे २५० वॉटपर्यंतची मोटर, पेडल मारतानाच मिळणारी मदत, आणि तीही ताशी २५ किलोमीटरपर्यंत. त्यापलीकडच्या गाडीला नंबर प्लेट, परवाना, विमा असे वेगळे नियम लागतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

पैसे गेले कसे, ते आता. सकाळी अनामत म्हणून ३०० युरोंची रक्कम कार्डावर 'फक्त अडकवून' ठेवली होती. संध्याकाळी वाद चालू असतानाच तिच्यातून २८५ वळते झाले. भारतीय कार्डांना भारतात ओटीपीची सवय असते. परदेशी दुकानदाराला ओटीपीशिवायही रक्कम ओढता येते. त्यावर उपाय आपल्याच फोनमध्ये आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमाने बँकेच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू-बंद करता येतात आणि मर्यादा ठरवता येते. अनामत भरल्यावर लगेच आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करावेत. आधी अडकवलेली रक्कम यामुळे सुटेलच असं नाही, पण हॉटेलवर परतल्यावर आणखी चारशे गेले, हा प्रकार थांबतो. मुळात अनामत १०० ते १५० युरोंच्या वर मागणारं दुकान टाळावं. रोख अनामत दिली तर रकमेसह सहीची पावती घ्यावी. कोऱ्या स्लिपवर सही नको. पासपोर्ट तर नकोच. छायाप्रत द्या, तेवढ्यावर भागत नसेल तर पुढचं दुकान बघा. पासपोर्ट काउंटरमागे असला की २८५ युरोंवर वाद घालता येत नाही, तो त्यासाठीच ठेवून घेतात.

यंत्रावर 'रुपयांत की युरोत' असं विचारलं तर युरो. रुपये दाबले की दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो आणि काही टक्के वर जातात. हे बटण बऱ्याचदा तोच दाबून मोकळा होतो, म्हणून यंत्र आपल्या हातात घ्या.

सकाळी एक सलग व्हिडिओ काढा, न कापता: आधी दुकानाची पाटी, मग सायकलच्या फ्रेमचा नंबर (बहुधा पेडलच्या दांड्याखाली कोरलेला असतो; सायकल उलटी न करता फोन खाली घालून दिसतो), दोन्ही बाजू, हँगर मागून, दोन्ही टायरच्या कडा, पडद्याची काच, किलोमीटरचा आकडा, बॅटरीचं कुलूप. फ्रेमचा नंबर महत्त्वाचा. तो नसेल तर 'ही ती सायकलच नव्हे' म्हणायला दुकानदार मोकळा. व्हिडिओ लगेच दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवून द्या, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. संध्याकाळी त्याच क्रमाने दुसरा.

बिल आलं तर सुट्या भागांची किंमत, मजुरी आणि बदललेला भाग मागा. वाकडा हँगर तुमचे पैसे घेऊन काढला असेल तर तो तुमच्या हातात यायला हवा. पावती कायदेशीर हवी, नऊ आकडी ग्रीक कर क्रमांकासह. वहीच्या पानावर लिहिलेल्या रकमेला काही किंमत नाही. ग्रीसमध्ये कायदेशीर पावती दिली नाही तर ग्राहकाला पैसे देणं बंधनकारक नाही. उपाहारगृहांच्या मेन्यूवर ही सूचना छापलेलीच असते. पर्यटक पोलिसांचा नंबर १५७१. आवाज न चढवता तो फोनवर लावून दाखवला की रक्कम खाली येऊ शकते.

पैसे गेलेच असतील तर बँकेकडे विवाद नोंदवायचा. कार्ड कंपन्यांची मुदत सर्वसाधारणपणे १२० दिवसांची असते, पण बँका स्वतःचे फॉर्म लवकर मागतात, तेव्हा परतल्यावर पहिल्याच आठवड्यात करा. फॉर्मवर 'फसवणूक' असा पर्याय निवडू नका, कारण व्यवहाराला तुमची सही आहे. 'न मिळालेल्या सेवेची किंवा चुकीच्या रकमेची आकारणी' या गटात तक्रार टाका. जोडायचं ते असं: करार, दुकानाचा छापील नकाशा, दोन्ही व्हिडिओंतले फ्रेम नंबर दिसणारे फोटो, आणि त्याच मॉडेलच्या हँगरची एखाद्या युरोपीय दुकानातली किंमत. जर्मनी, आयर्लंड, नेदरलँड्स अशा युरोपीय संघातल्या देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींना आणखी एक दार आहे: आपल्या देशातलं युरोपीय ग्राहक केंद्र. ते ग्रीसमधल्या केंद्रामार्फत दुकानाशी पत्रव्यवहार करतं, फुकट. भारतातून गेलेल्यांना हे दार उघडत नाही, त्यांच्यासाठी बँकच.