स्विच टू घ्यायचा विचार करालाय? अपडेटनं बदलत नाही ते आधी बघा

चुलत भावानं दुबईहून निन्टेंडो स्विच टू, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, आणला आणि सुट्टीभर तो आमच्या टिळकवाडीच्या घरातच होता, त्यामुळं पोटभर खेळून लिहितोय. शहापूर, खानापूर, निपाणीकडची पोरं सारखी विचारालेत, "घेऊ काय रं?", म्हणून सगळ्यांना एकदमच सांगतो.

नवीन कन्सोल आला की जो तो गेम किती आणि स्पीड किती तेवढंच बघतो. मला ते पटत नाही. गेम मागनं येत राहतात, सॉफ्टवेअर पण सुधारतं. सोनीचा पीएस फाईव्ह कन्सोल भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा जादा एसएसडी (गेम साठवायची चकती) लावायची जागा आत होती पण बंद, ती चालू झाली सप्टेंबरच्या अपडेटमध्ये. स्क्रीन, स्टिक (अंगठ्यानं फिरवायची दांडी), बॅटरी आणि बिघडल्यावर कोण दुरुस्त करून देणार हे मात्र कुठल्याच अपडेटनं बदलत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात तेच तपासायचं.

स्क्रीन मोठी आहे, ७.९ इंच, १०८०पी, १२० हर्ट्झ. २०१७ चा पहिला स्विच ६.२ इंच आणि ७२०पी होता, फरक लगेच दिसतो. पण साधी एलसीडी आहे, आणि मारिओ कार्ट वर्ल्ड या रेसच्या गेममध्ये २४ गाड्या एकदम वळणावर आल्या की चित्र जरा पुसट होतं. जुना ओएलईडी स्विच (त्याच्या स्क्रीनवर काळा रंग गडद दिसतो) वापरलेल्यांना काळा रंग पण फिकाच वाटणार. एक महत्त्वाचं, काचेवर कंपनीनंच एक फिल्म चिकटवलेली असते, ती पॅकिंगचं प्लास्टिक समजून काढू नका, काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून आहे ती.

जॉय-कॉन, म्हणजे दोन्ही बाजूचे कंट्रोलर, आता चुंबकानं बसतात, खट् करून, ओढून बघितलं तर हलत पण नाहीत, काढायला मागचं बटण दाबायचं. हे काम एकदम झकास केलंय. काळजी आहे ती स्टिकची. जुन्या स्विचच्या ड्रिफ्टनं, म्हणजे हात न लावता स्टिक आपोआप सरकल्यासारखी वागते त्यानं, लोकांना जाम पिडलं आणि नव्यात पण चुंबकावर चालणाऱ्या, न झिजणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिक नाहीत. आत्ता मस्त चालतात, पण हे दुखणं पहिल्या महिन्यात कळत नाही, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० सुद्धा २००५ मध्ये आला तेव्हा सगळे खूश होते आणि मग लाल लाईट लागून कन्सोल बंद पडायचा घोळ एवढा वाढला की २००७ मध्ये कंपनीला त्यासाठी वॉरंटी ३ वर्षं करावी लागली.

स्टोरेज २५६ जीबी. घरात पडलेलं मोबाईलचं कार्ड गेमसाठी चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेस हे जास्त वेगाचं कार्डच लागतं आणि ते महाग आहे, तो खर्च आधीच धरा.

आपल्याकडं पावसाळ्यात लाईटीचा काय भरवसा असतो ते सांगायला नको. टीव्ही बंद पडला, डॉकमधनं (टीव्हीला जोडायच्या स्टँडमधनं) कन्सोल उचलला आणि रेस तिथनंच पुढं, हे मला लई आवडलं. कंपनी बॅटरी २ ते साडेसहा तास सांगते, जड गेमला २ च्या जवळचाच आकडा धरून चाला.

आता खरी अडचण. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही. बाहेरनं आणून विकणारे "दुकानाची वॉरंटी" म्हणतात, मला एकानं तर कागदावर काहीच लिहून द्यायला नकार दिला. २०२५ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत ४४९.९९ डॉलरची वस्तू, इथं येईपर्यंत किंमत बरीच चढते, आणि बिघडली तर परत पाठवायची कुठं?

थांबलं की स्वस्त होईल हे पण आता धरून चालू नका. निन्टेंडोचाच थ्रीडीएस हा हातातला कन्सोल २०११ मध्ये सहा महिन्यांच्या आत २४९.९९ चा १६९.९९ डॉलर झाला होता खरा, पण पीएस फाईव्ह आपल्याकडं ४९,९९० ला आला आणि २०२२ च्या शेवटी ५४,९९० झाला.

माझं म्हणाल तर, परदेशात जाऊन-येऊन असणारं घरचं माणूस असेल तर बिनधास्त मागवा, त्यांच्याच नावाचं बिल ठेवा, म्हणजे दुरुस्तीला त्यांच्याच हातनं परत धाडता येतं. तसं कोणी नसेल तर स्टिकचं काय होतंय ते कळेपर्यंत वर्षभर दम धरा.