आंबोलीची पावसाळी रात्रफेरी: माहिती उत्तम, गर्दी जास्त

जून-जुलैत रात्री आठनंतर निघणारी ही पायी फेरी बेडकांसाठी अगदी योग्य वेळी आखली आहे. मलबार ग्लायडिंग फ्रॉग या झाडावरच्या बेडकाची फेसाळ घरटी पाण्यावर झुकलेल्या पानांना असतात. टॅडपोल (बेडकाची पिल्लं) तिथून थेट डबक्यात पडतात, म्हणून मार्गदर्शक फांदीला हात लावू देत नाहीत. हे फार आवडलं. २००९ साली नोंदवलेला आंबोली टोड जांभ्या खडकाच्या सड्यावरच्या (उघड्या सपाट पठारावरच्या) उथळ पाण्यात अंडी घालतो. तो फारच छोट्या पट्ट्यात सापडतो, त्यामुळे सड्यावरचं एक बुटाचं पाऊल किंवा रस्त्यावरचं एक चाकही महागात पडतं.

उणीव एकच, पण मोठी: एका गटात पंधरा जण आणि सगळ्यांच्या पांढऱ्या विजेऱ्या. उजेड पडला की नर ओरडायचे थांबतात. सहा-सात जण आणि विजेरीवर लाल कागद पुरे.

डासांचं मलम हाताला लावू नका. बेडकाला हात लागला तर त्याची ओली त्वचा ते शोषून घेते. जळवांसाठी दाट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे पँटवरून चढवा. चिकटलेली जळू ओढू नका, तोंडाच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवा. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेमुळे ते गोठत नाही.