नऊ भाषांच्या ऑनलाइन दुकानात नोटो सान्स: वापरानंतरचा अनुभव

इंग्रजी, फ्रेंच, पोलिश, व्हिएतनामी, हिंदी, मराठी, तमिळ, अरबी आणि जपानी. नऊ भाषा, पाच लिपी, दुकान एकच. अशा साइटवर नोटो सान्स हे फॉन्टचं कुटुंब काही महिने रोज वापरल्यावर मत पक्कं झालं आहे. वस्तूंची वर्णनं, किमती, कार्ट आणि चेकआउटसाठी ते खुशाल घ्या. मोठ्या मथळ्यांसाठी नको, तिथे ते फारच सपक दिसतं. आणि फॉन्ट बसवला की काम संपलं असं धरू नका. जे बिघडतं त्यातलं बहुतेक फॉन्टच्या फाइलबाहेर बिघडतं.

आधी जमेची बाजू. पाचही लिपींची जाडी एकमेकींशी जुळते. लॅटिनचा 600 आणि देवनागरीचा 600 शेजारी ठेवले तर एक ठळक आणि दुसरा फिका वाटत नाही. व्हेरिएबल फाइलमध्ये, म्हणजे एकाच फाइलमधून अक्षराचं रूप बदलता येतं अशा प्रकारात, जाडी 100 ते 900 मिळते. देवनागरी, तमिळ आणि अरबीत रुंदीही 62.5 ते 100 टक्के बदलता येते, आणि दुकानासाठी ही सोय सोन्यासारखी आहे. तमिळ बटणावरचा मजकूर मावत नसेल तर अक्षर लहान करण्यापेक्षा रुंदी 88 वर आणा. वाचायला त्रास होत नाही आणि ओळही मोडत नाही. जपानी फाइलमध्ये रुंदीची सोय नाही, पण तिथे शब्द मुळातच आखूड असल्याने अडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो ओळींच्या उंचीवर. साइटचा आराखडा बहुधा इंग्रजी मजकूर समोर ठेवून केलेला असतो आणि लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या 1.2 पट असते. देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय, एवढं सगळं एका ओळीत बसवायचं असतं. वस्तूचं नाव दोन ओळींत कापणाऱ्या चौकटीत दुसऱ्या ओळीचा उकार छाटला जातो आणि ‘खुर्ची’ची ‘खर्ची’ होते. त्यावर खालून पॅडिंग, म्हणजे चौकटीच्या आत मोकळी जागा, देण्याचा उपाय सुचतो, पण मग लपवलेल्या तिसऱ्या ओळीचे रफार त्या फटीतून डोकावतात. लाइन-हाइटच वाढवावी लागते. लॅटिनला 1.4, व्हिएतनामीला 1.5 (तिथे एका स्वरावर दोन-दोन खुणा चढतात), देवनागरी आणि तमिळला 1.6, अरबी आणि जपानीला 1.7 हे आकडे चालले. बटणाला ठरावीक उंची देऊ नका. किमान उंची 44 पिक्सेल आणि वर-खाली 10 पिक्सेल मोकळी जागा पुरते. अक्षराचा आकारही भाषेनुसार ठेवा. लॅटिन 14 पिक्सेलला सहज वाचता येतं, पण ‘मॉइश्चरायझर’मधला ‘श्च’ 16 च्या खाली गिचमिड होतो.

चाचणीला ‘नमस्कार’ किंवा ‘स्वागत’ घेऊन उपयोग नाही. ‘कॅमेऱ्यांसाठी’, ‘इलेक्ट्रिक’, ‘ॲडॅप्टर’, ‘खुर्च्यांवर’ हे शब्द घ्या. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) स्वतंत्र जागा 2008 मध्ये मिळाली, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे रिकामा चौकोन येऊ शकतो.

भाषेची खूण लावणं ही बाब फुकटात होते आणि तरी सर्रास राहून जाते. पानाच्या कोडमधल्या लँग (lang) या गुणधर्मात ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) लिहिलं की नोटो देवनागरी ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतो. खूण नसली की हिंदी वळण येतं. चूक म्हणता येणार नाही, पण मराठी डोळ्याला खटकतं. जपानीत हाच मुद्दा गंभीर होतो. कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी मुळाची अक्षरं) आणि चिनी अक्षरांना युनिकोडमध्ये एकच क्रमांक असल्याने, खूण नसल्यास ब्राउझर जपानी पानावर चिनी वळणाची अक्षरं उचलू शकतो. पानाची भाषा मराठी आणि मधलं एखादं नाव जपानी असेल, तर त्या नावाला वेगळी खूण हवी.

फाइल हलकी करताना, म्हणजे गरजेपुरती अक्षरं ठेवून सबसेट काढताना, दोन घोटाळे ठरलेले. पहिला, लॅटिनचा फक्त मूळ भाग ठेवला जातो आणि विस्तारित लॅटिन, म्हणजे खुणा असलेली अक्षरं, गाळलं जातं. मग पोलिश शब्दातलं एकच अक्षर मध्येच दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतं. दुसरा घोटाळा आपल्या घरचा. देवनागरीचे 0900 ते 097एफ एवढेच क्रमांक ठेवले की 200सी आणि 200डी ही अदृश्य जोडचिन्हं आणि 20बी9 हे रुपयाचं चिन्ह बाहेर राहतं. ‘सुऱ्या’मधला अर्धा र काही कीबोर्ड 200डी घालूनच लिहितात. डेटाबेसमध्ये मजकूर ‘स्वच्छ’ करताना ते चिन्ह काढून टाकलं तर सुऱ्यांच्या ‘सुर्या’ होतात, आणि तिथे कुठलाच फॉन्ट काही करू शकत नाही. सबसेट काढणारं साधन जोडाक्षरांचे तक्ते टिकवतं का, हेही बघा. ते गेले की ‘क्ष’ऐवजी पाय मोडलेला क आणि शेजारी ष दिसतो. जपानी फाइल मोठी असते, ती युनिकोड-रेंजनुसार, म्हणजे अक्षरांच्या क्रमांकांचे गट पाडून, तुकड्यांतच द्या.

लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं वाढवलेलं अंतर, इंग्रजी मथळ्यांपुरतीच ठेवा. देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते, अरबीत जोडलेली अक्षरं सुटी होतात. देवनागरीला तिरपी फाइल नाही, त्यामुळे ब्राउझर अक्षरं ढकलून खोटा तिरपेपणा आणतो. त्याची ही सोय (फॉन्ट-सिंथेसिस) बंद करा आणि जोर द्यायला जाडी वापरा.

किमतींचे आकडे हा वेगळाच घोळ. ब्राउझरची अंक मांडण्याची सोय मराठीसाठी आपणहून देवनागरी अंक देते, हिंदीसाठी देत नाही. एकाच दुकानात दोन तऱ्हा नको असतील तर अंकपद्धती स्पष्ट सांगावी लागते.

साइट नीट झाली तरी पीडीएफ बिल बिघडतं. पीडीएफ बनवणाऱ्या अनेक लायब्ररी (तयार कोडचे संच) अक्षरं जोडण्याचं काम करतच नाहीत, म्हणून ‘इलेक्ट्रिक’ची वेलांटी भलत्या जागी जाते. बिलाचं पान एचटीएमएलमध्ये करून सर्व्हरवरच्या क्रोमकडून छापून घेणं हा खात्रीचा मार्ग, फक्त सर्व्हरवर फॉन्ट बसवलेला हवा. जाहिरातींची चित्रं पायथन भाषेतल्या पिलो लायब्ररीने बनत असतील तर सोबत अक्षरं जोडणारी राक्म लायब्ररी लागतेच. ऑर्डरच्या ईमेलमध्ये वेबफॉन्टची, म्हणजे सर्व्हरवरून येणाऱ्या फॉन्टची, आशा सोडा. तिथे विंडोजवर निर्मला यूआय आणि मॅकवर कोहिनूर देवनागरी हे तिथलेच फॉन्ट दिसतील असं धरूनच मांडणी करा.

फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. परवाना खुला आहे, त्यामुळे अडचण नाही. आता ब्राउझर एका साइटचा कॅशे (साठवून ठेवलेल्या फाइली) दुसरीला देत नाहीत, म्हणून बाहेरून फॉन्ट आणण्याचा जुना फायदा उरलेला नाही. शिवाय जानेवारी 2022 मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणणाऱ्या साइटला 100 युरो भरपाई द्यायला लावली होती, कारण भेट देणाऱ्याचा आयपी पत्ता त्याच्या संमतीविना बाहेर जात होता.

मथळ्यांसाठी ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे फॉन्ट बघा. दोन्ही ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, दोन्ही खुल्या परवान्याचे. बलू ठसठशीत आहे आणि बहुतेक भारतीय लिपींत मिळतो, पण 20 पिक्सेलच्या खाली वापरू नका. उर्दू जोडायचा विचार असेल तर नोटो नस्तालिकसाठी आत्ताच जागा राखा. तिरक्या उतरणाऱ्या त्या ओळींना किमान 18 पिक्सेल आणि दुप्पट लाइन-हाइट लागते, आणि तेवढी जागा अरबीसाठी आखलेल्या कार्टमध्ये नसते.